सरूबाईंचं नाव सांभाळणारं पान

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे. वहीतलं नव्हे हं, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं! कोणीही वाचावा आणि कोणीही सुधारावा, असा हा कोश. माझा विषय आहे बोंबील सुकवणं. आता नाकं मुरडू नका!

माझा जन्म चारकोपचा. मनोरीची कल्पिता तिथे नोकरीला होती. जेवणाच्या सुट्टीत तिने मला लिहिलं, ते तिच्या सरूआजीसाठी. आजीने जन्मभर बोंबील सुकवले, तिचं नाव कुठेतरी कायमचं राहावं, एवढीच पोरीची इच्छा. म्हणून माझं पहिलंच वाक्य होतं, 'सरूबाईंसारखे बोंबील जगात कोणी सुकवत नाही.' काय ऐट होती माझी!

दुसऱ्याच दिवशी कोशातली पानं तपासणाऱ्या मुलुंडच्या देवेशने ते वाक्य उडवलं आणि माझ्या कपाळी पाटी लावली, 'संदर्भ नाहीत. हे पान काढून टाकावं का? चर्चा करा.' वाट लागली माझी!

कल्पिताने गावच्या ग्रुपवर हाक दिली. झालं! अख्खा कोळीवाडा माझ्या चर्चापानावर धावून आला. "राहू द्या!" "आमचं पान हाय!" नुसता कल्ला. देवेशने शांतपणे लिहिलं, "अहो, इथे हात वर करून काही ठरत नाही. छापील पुरावा द्या, मीच पाटी काढतो."

कल्पिता चिडली, रडली आणि मग बोरिवलीच्या वाचनालयात जाऊन बसली. मासेमारीवरच्या एका पुस्तकात तिला सापडलं, की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूवर टांगतात. तिने तो संदर्भ जोडला. देवेशने खरंच पाटी काढली, वर माझं शुद्धलेखनही सुधारलं. भला माणूस!

रविवारी कल्पिताने मला आजीला वाचून दाखवलं.

"झकास! पण माजं नाव कुठंय गं?" आजीने विचारलं.

कल्पिताचा चेहराच पडला. मग काय सुचलं कोण जाणे, तिने कोशावर आजीच्या नावाने खातं उघडलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला. आजीने दारात सुकणाऱ्या बोंबलांचा फोटो काढला, नातीने दाखवलं तसा मला जोडला आणि स्वतःच्या बोटाने 'जतन करा' दाबलं.

मित्रांनो, माझ्यात कोणी काय भर घातली, याची नोंद माझ्या 'इतिहासा'त राहते. तिथे आज लिहिलेलं आहे, 'सरूबाई, मनोरी : छायाचित्र जोडले.' आता शाळेतली मुलं मला वाचतात, तो फोटो पाहतात आणि मी अभिमानाने फुलून येतं.

म्हणून सांगतं, मला नुसतं वाचून जाऊ नका. चूक दिसली तर पुराव्यानिशी सुधारा, ठाऊक असेल ते जोडा. माझ्या 'इतिहासा'त सरूबाईंच्या नावानंतरची ओळ अजून रिकामी आहे, तुमच्या नावासाठी.