इंजिनाला आबांचं तेल

कापसाच्या दिवसांत धरणगावचा वारा पांढरा होतो. शेजारच्या जिनिंगमधून उडालेली रुई नवलच्या ओसरीत उतरते. तुळशीवर, वाळत्या पापडांवर, झुलालआबांच्या भुवयांवर.

आबा नवलचे वडील. भुसावळच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांचे फिटर होते. बदली झालेल्या एका साहेबानं जाताना त्यांना विजेवर पळणारं वीतभर इंजिन दिलं होतं, गोल रुळासकट. नवलची आई भागाबाई गेली, आणि तेव्हापासून ते इंजिन फिरत असलं तरच आबा बोलत. महिन्यापूर्वी ते अडलं. मोटर घरघरायची, चाकं जागची हलायची नाहीत. आबांचंही तोंड मिटलं.

नवलनं बाहेरूनच माप घेऊन जळगावच्या लेथवाल्याकडून नवं दातेरी चाक कापून आणलं. जुनं काढायला इंजिन उलटं केलं आणि तो थबकला. आत काळा चिखल. आबा रोज सकाळी तेल घालत, शेडमधल्यासारखं, सांध्यांतून ओघळेपर्यंत. तेलानं रुई धरली, रुईनं धूळ धरली, आणि पितळेचे दाते झिजून सुरीच्या धारेसारखे झाले.

नवलची बायको नूतन मागून वाकली. "एवढ्या रुईत देवाची वात झाली असती."

"हळू बोल."

"सांगणार आहात का त्यांना?"

"सांगितलं तर हात लावायचे नाहीत पुन्हा. नाही सांगितलं तर हेही चाक जाईल."

त्यानं सगळं रॉकेलनं धुतलं. नवं चाक बसवलं, दात्यांमध्ये पतंगाच्या कागदाचा तुकडा धरून फट जुळवली, कागद ओढून घेतला. इंजिन रुळावर ठेवलं. निघालं.

आबांचे डोळे त्याच्यामागे फिरू लागले. "सावदा टेसननी केळीनी गाडी अशीच निंघे," ते म्हणाले. आणि हात सवयीनं तेलाच्या बुधलीकडे गेला.

नवलनं तो हात धरला. "आबा, आता थेंबभरच. जास्त तेलाला रुई चिकटली. तिनंच दाते खाल्ले."

"म्हंजे मन्हामुये?"

नवलला खोटं सुचलं होतं, पण ओठांवर आलं नाही. "हो, आबा."

इंजिन फिरत राहिलं. आबांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, "तुन्ही माय बी माले म्हने, तुमना हात जड शे." मग तळवे मांडीवर उताणे ठेवून, "मंग मी काय करू आते?"

नवलनं इंजिन थांबवलं, उलटं केलं. नूतनच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणली, टोक तेलात बुडवून आबांच्या बोटांत दिली आणि मनगटाखाली आपला हात धरला. सुई चाकाच्या कडेला आपटली. थेंब दात्यांपर्यंत पोचलाच नाही, सतरंजीवर पडला.

"ऱ्हाऊ द्या आज," नवल म्हणाला.

आबांनी सुई सोडली नाही. बुधली जवळ ओढली आणि म्हणाले, "धर हात."