किल्ली काढल्यानंतर

मिस्त्रींनी किल्ली फिरवून काढली आणि इंजिन तिथल्या तिथे बंद झालं. सकाळपासून चौथ्यांदा. ते चालत राहायला हवं होतं.

"बंद झाली," शेजारच्या सीटवरून मुलगी हळूच म्हणाली.

"दिसतंय मला. अजून तापली नाही ती. तापल्याशिवाय खोड दाखवत नाही."

"आत्ताच चढावर फिरवून आणली ना, बाबा."

"आज वारा गार आहे."

गेल्या महिन्यात तीनदा असं झालं होतं की मिस्त्री घरात शिरले होते आणि बाहेर गाडी धडधडतच होती. मुलगी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत आवाज थांबलेला असायचा आणि वडील गाडीपाशी उभे असायचे. ते शपथेवर सांगायचे की किल्ली खिशात होती, गाडी आपली आपणच चालत राहिली. तिला वाटायचं, बंद करायची विसरले आणि परत जाऊन गुपचूप बंद केली. एवढंच असतं तर तिने मनावर घेतलं नसतं. पण त्याच महिन्यात गॅस दोनदा चालू राहिला होता, आणि एकदा मिस्त्री तिला तिची आत्या समजून चांगली पाच मिनिटं बोलत बसले होते.

शेवटी बापलेकीचं ठरलं. दोष गाडीत निघाला तर तिने डॉक्टरचं नाव काढायचं नाही. गाडी धडधाकट निघाली तर मिस्त्रींनी उद्या मुकाट्याने दवाखान्यात यायचं. आपली गाडी बिघडलेली निघावी म्हणून देवाला साकडं घालणारा हा पहिलाच मिस्त्री असावा.

त्यांनी मागचं झाकण उघडलं. इंजिन मागे, पाण्याची भानगड नाही, सगळं थंड करायचं काम एका पंख्याचं. या इंजिनाला त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. जावयाने एकदा हौसेने गाडी धुतली, तर मिस्त्रींनी ती त्याच्यादेखत पुन्हा धुतली होती.

"पण किल्ली काढल्यावर गाडी चालेलच कशी?" मुलीने विचारलं. ती त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"किल्लीने ठिणगी बंद होते. पण आत एखादा कण तापून लाल झाला असेल आणि वरून पेट्रोल येत राहिलं, तर ते त्या कणावरच पेटतं. ठिणगी लागतच नाही. दोन गोष्टी हव्यात, आच आणि पेट्रोल. तेवढ्याच बघायच्या."

इंजिन निवल्यावर त्यांनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. चारही फिक्या तपकिरी रंगाचे, कुठे काजळी नाही. एरवी असे प्लग बघून मिस्त्री खूश झाले असते. आज त्यांनी प्रत्येक प्लग पुन्हा उलटून पाहिला. पंख्याची हवा अडवणारी झापड मोकळी उघडत होती. इंजिनाभोवतीचे पत्रे जागच्या जागी होते. ठिणगीचं टायमिंग केसभरही हललं नव्हतं. एकेक गोष्ट ठीक निघत होती. पाना दोनदा हातातून निसटला. दोन्ही वेळा मुलीने तो उचलून दिला आणि दोन्ही वेळा त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

उरला होता कार्ब्युरेटरवरचा पितळी व्हॉल्व्ह, अंगठ्याएवढा. किल्ली बंद केली की त्यातली सुई पुढे येऊन पेट्रोलची वाट अडवते. मिस्त्रींनी त्यावर बोट ठेवलं.

"किल्ली फिरव. इंजिन सुरू करू नकोस."

टक.

"आता बंद कर."

टक.

तोही चालत होता. मिस्त्री बंपरचा आधार घेऊन उभे राहिले. आता घरातले आपल्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागणार, गॅसपाशी जाऊ देणार नाहीत, आणि एक दिवस ही समोर उभी असेल आणि आपण विचारू, कोण तुम्ही? त्यांना भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी उघडी भीती.

निव्वळ हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह खोलला आणि उजेडात धरला.

सुईला टोकच नव्हतं. कुणीतरी ते कानशीने घासून सपाट केलं होतं. टक आवाज यायचा, सुई पुढेही यायची, पण वाट काही अडत नव्हती.

"सापडलं!" मिस्त्री जवळजवळ ओरडलेच. "हे बघ. गाडी सिग्नलला उभी असताना सारखी बंद पडायला लागली की आळशी लोक हा उद्योग करतात. खरा दोष शोधायचा सोडून सुई घासायची. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर त्याच दिवशी हाकललं असतं."

मुलीने डोळे पुसले. मग ती हसली. "म्हणजे तुम्ही खरं सांगत होतात."

"मग काय."

"माझंच चुकलं असेल, बाबा. मागे मी गाडी नेली होती ना, तेव्हा वाटेतल्या गॅरेजात हवा भरली होती. त्यांनीच काहीतरी केलं असणार. थांबा, दवाखान्यात फोन करून सांगते, उद्या येत नाही म्हणून."

ती फोन काढत होती. मिस्त्रींनी पुसायला म्हणून व्हॉल्व्ह फडक्यात फिरवला आणि त्यांचा अंगठा अडखळला. षटकोनी कडेवर तीन बारीक खाचा होत्या, मधली जरा लांब. स्वतः बसवलेल्या प्रत्येक भागावर ते अशाच खाचा मारत. उद्या काही बिघडलं तर कुणाला जबाबदार धरायचं ते कळावं, म्हणून. खाचांतलं पितळ अजून झळझळीत होतं, म्हणजे त्या ताज्या होत्या.

त्यांनी आठवून बघितलं. सुई पकडणारा शिकंजा, कानस, एखादी दुपार. काहीच हाती लागलं नाही.

फक्त मान हलवायची होती. हवा भरणाऱ्याच्या माथी सगळं जाणार होतं, आणि मुलगी आनंदाने फसणार होती.

"फोन राहू दे," मिस्त्री म्हणाले. "उद्या जाऊ या."

"अहो, कशाला आता? दोष सापडला ना?"

त्यांनी व्हॉल्व्ह तिच्या तळहातावर ठेवला, खाचांची बाजू वर करून. या खाचा बघतच ती लहानाची मोठी झाली होती. तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

"कधी केलंत हे, बाबा?"

"तेच डॉक्टरांना विचारायचंय."