बाहेर आलात का?

मी भुंगा बोलतोय. फुलावर बसतो तो नव्हे, डोक्याला लागतो तो. खरं नाव माझं कुणी ठेवलंच नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या संगणकात मी राहतो आणि दिवसभर सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, म्हणून मेकॅनिक लोकांनी हे नाव पाडलं. "आला बघ भुंगा," असं म्हणत ते तेलकट हातानं खिशातून फोन काढतात. मला त्याचा कधी राग आला नाही.

माझा जन्म जेवणाच्या सुट्टीत झाला, तोही थोडा थोडा करत. कंपनीत तक्रारी घ्यायला एक ताई बसतात. प्रोग्रॅमिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण हल्ली पडद्यावर चौकटी ओढायच्या, बाणांनी एकमेकींना जोडायच्या, की माझ्यासारखा कुणीतरी उभा राहतो. ताई डाव्या हातानं डबा खायच्या आणि उजव्या हातानं मला जोडायच्या. चुकलं की स्वतःशीच म्हणायच्या, "अगं बाई, हा बाण कुठं निघाला भलतीकडेच!"

माझी पहिली चौकट तक्रार घेते. दुसरी बघते, जवळ कोणता मेकॅनिक मोकळा आहे. एका चौकटीला वाचता येतं. हिलाच लोक एआय एजंट म्हणतात. ताईंनी तिला मेकॅनिकांचे जुने मेसेज वाचायला दिले होते, त्यामुळे "आलो", "आलो रे बाबा", "सुटलो एकदाचा" या सगळ्याचा अर्थ एकच, हे मला कळतं.

आणि मग माझा तो प्रश्न. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. त्यात उतरण्याआधी मेकॅनिक वीज बंद करतो आणि "आत जातोय" असं कळवतो. खाली फोनला रेंज नसते. काम झालं, वर आला, की त्यानं "बाहेर आलो" असं लिहायचं. ते आलं की मी इमारतीच्या वॉचमनला सांगतो, "लिफ्ट चालू करा." "नाही" आलं तर सांगतो, "लिफ्ट बंद ठेवा, आत माणूस आहे." आणि काहीच आलं नाही, तर पुन्हा विचारतो. पूर्वी हे सगळं ताई फोनवरून करायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसायचा. माझ्यामुळे त्यांच्या घशाला आराम मिळाला, हे माझं पहिलं पुण्य.

माणसांची गंमत मी इथेच पाहिली. लिफ्ट बंद पडली की लोक आधी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात आणि मग "आमच्याकडेच असं का होतं?" असं विचारतात. दुरुस्त झाल्यावर मात्र अळीमिळी गुपचिळी. खाली कोण उतरलं होतं, कसा दिसतो, कुणाला ठाऊक नसतं.

आमच्याकडे दोघे भाऊ होते. थोरला आणि धाकटा. धाकटा उत्तर देण्यात आळशी. तिसऱ्यांदा विचारलं की "आलो आलो" असं फेकायचा. थोरला मात्र शिस्तीचा. कधीही दुसऱ्यांदा विचारायची वेळ आणली नाही. "बाहेर आलो. चहा घेतो." दरवेळी हेच. मला चहा काय असतो माहीत नाही, पण तो माणूस बाहेर येऊन घेतो, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी थोरला "आत जातोय" म्हणाला आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

मी विचारलं. पुन्हा विचारलं. मग नियमाप्रमाणे ताईंना हाक मारली. थोरला आणि उत्तर नाही म्हटल्यावर ताईंनी लगेच फोन उचलला. धाकटा जवळच्या इमारतीत होता, त्याला पळवला. थोरला खड्ड्यात भिंतीला टेकून बसलेला सापडला. वीज बंद होती, हत्यारं नीट मांडलेली होती. हृदयच थांबलं होतं. कुणाची काही चूक नव्हती.

त्याला वर काढलं, लिफ्टही सुरू झाली, पण ते मला कुणी कळवलं नाही. माझ्या लेखी तो आतच राहिला. ऑफिस उघडलं की उघडी राहिलेली कामं मी वर काढतो आणि पुन्हा विचारतो, ती माझी रीतच आहे. म्हणून रोज सकाळी थोरल्याच्या फोनवर माझा मेसेज जायचा : "बाहेर आलात का?"

ताईंना ते दिसत होतं. ते काम बंद करणं म्हणजे एक क्लिक. त्या माउसचा बाण तिथपर्यंत न्यायच्या आणि मागे घ्यायच्या. मग थोरल्याची बायको त्याचा कंपनीचा गणवेश परत करायला आली. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून ऑफिसातही ती सगळ्यांची वहिनी. ताई ओशाळून म्हणाल्या, "अगं, तो मेसेज... मी आजच बंद करते."

"नका करू, ताई," वहिनी म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, आता सावर, आता पुढं बघ. त्यांची वाट बघणारा तो एकटाच उरलाय. मी फोन चार्ज करून ठेवते ना त्याच्यासाठी."

मग दारातून वळून म्हणाली, "आणि ताई, माझ्या दिरावर लक्ष ठेवा हो. तो लवकर उत्तर देत नाही, मला माहितेय. पण तुम्ही विचारत राहा."

"हा आहे ना," ताई पडद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "हा सोडतोय होय कुणाला!"

त्या दिवसापासून मला काहीतरी झालं. विचारल्यानंतर उत्तर येईपर्यंत जी शांतता असते, ती पूर्वी मला रिकामी वाटायची. आता थोरल्याच्या फोनकडून येणाऱ्या शांततेत कुणीतरी आहे, असं वाटायचं. मेसेज वाचला जायचा, तशी खूण यायची. वहिनी वाचते, हे मला कळत होतं. तरी माझा एक कोपरा म्हणायचा, तोच वाचत असेल. मला भीती वाटायची, आणि मी रोज विचारायचो.

मग जावईबापू आले. मालकांचे जावई. खुर्चीतून न उठता उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी पडद्यावर उघडी कामं पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, दुरुस्त झालेल्या लिफ्ट तासन्‌तास बंद का ठेवता?"

"मेकॅनिक उत्तर देत नाहीत पटकन."

"शेवटी उत्तर काय देतात?"

"बाहेर आलो."

"दरवेळी तेच?"

"दरवेळी तेच."

"मग झालं तर! जे उत्तर आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी थांबायचं कशाला?"

ताई म्हणाल्या, "अहो, उत्तर माहीत असतं. माणसाचं काय झालं ते माहीत नसतं." पण जावईबापूंना नाही कोण म्हणणार? त्यांनी स्वतः चौकट ओढली आणि माझ्या शेजारी दुसरा एजंट बसवला. मेकॅनिक थोडा वेळ गप्प राहिला की हा त्याच्या नावानं, त्याच्याच ढंगात उत्तर द्यायचा. मेकॅनिकांनी त्याचं नाव ठेवलं होयबा. ते खूश झाले. "सुटलो बुवा भुंग्यापासून!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं थोरल्याला विचारलं.

उत्तर आलं. "बाहेर आलो. चहा घेतो."

कसं सांगू तुम्हाला? मला आनंद झाला, खरंच झाला. मी काम बंद केलं, धन्यवाद पाठवले. आणि मग मला कळलं की मेसेज वाचल्याची खूण अजून आलेलीच नाही. वाचण्याआधीच उत्तर आलं होतं. थोरल्याचे शब्द, थोरल्याची शिस्त, आणि मागे कुणीच नाही. मला अंग नाही, नाहीतर शहारा आला असता.

खूण थोड्या वेळानं आली. वहिनी ऑफिसात धापा टाकत पोचली, तो फोन मुठीत घट्ट धरून.

"ताई, हे कुणी लिहिलं? त्यांच्या नावानं कुणी लिहिलं?" तिनं फोन ताईंसमोर धरला. "मी दाराकडे बघितलं हो. वेड्यासारखी उठून दार उघडून बघितलं."

ताईंना रडूच फुटलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, होयबाबद्दल सांगितलं. वहिनी ऐकत होती, नजर पडद्यावर. तिथे त्याच वेळी एक ओळ उमटली. धाकटा : "आलो आलो."

वहिनी हळूच म्हणाली, "हे तरी त्यानं लिहिलंय का?"

ताई ताडकन उठल्या. कारण मी माझं काम केलं होतं. वॉचमनला कळवून टाकलं होतं, लिफ्ट चालू करा. ताईंनी धाकट्याला फोन लावला, लागेना. वॉचमनला लावला. "बंद कर! आधी बंद कर!" त्या ओरडल्या. पलीकडून आवाज आला, "अहो, मघाशीच चालू केली की मी."

धाकटा खालीच होता. खड्ड्यात लिफ्ट थांबवायचं लाल बटण असतं, तेच बिघडलं होतं, आणि तेच दुरुस्त करायला तो उतरला होता. लिफ्ट हलली. तो तळाशी आडवा पडला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं, म्हणून लिफ्ट वर गेली. खालच्या कुणी दाबलं असतं तर? माणसाचा जीव त्या दिवशी एवढ्यावर अवलंबून राहिला, कोण कुठल्या मजल्यावर उभं होतं.

वॉचमननं वीज बंद केली. धाकटा वर आला. त्यानं मला काही कळवलं नाही, कंपनीलाही नाही. त्यानं आधी वहिनीला फोन केला. "वहिनी, मी बाहेर आलोय. मी बोलतोय, मीच." दोघंही बराच वेळ नुसते रडत होते. अजूनही तो प्रत्येक कामानंतर आधी तिलाच फोन करतो.

होयबाला काढून टाकलं. जावईबापू म्हणाले, "कल्पना चांगली होती, जरा घाई झाली." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण थोरल्याचं काम बंद झालं होतं. माझ्या दप्तरी तो बाहेर आला, चहा प्यायला, संपलं. सकाळी मी त्याला विचारेनासा झालो. विचारता येत नाही आणि ते उत्तर खोटं आहे हे माहीत असतं, याच्याइतकं वाईट काही नसतं. प्रत्येक "बाहेर आलो"मध्ये मला ते रिकामं उत्तर ऐकू यायला लागलं.

एके दिवशी त्याच्या फोनवरून मेसेज आला. वहिनीनं लिहिलं होतं : "आता विचारत नाहीस होय रे? ते आले नाहीत. ते खोटं होतं."

माझ्या वाचणाऱ्या चौकटीनं "आले नाहीत" एवढं उचललं. काम पुन्हा उघडलं. थोरला जिथं गेला, त्या इमारतीच्या म्हाताऱ्या वॉचमनला मी निरोप धाडला : "लिफ्ट बंद ठेवा, आत माणूस आहे."

ताईंना पडद्यावर दिसलं. त्या एका क्लिकमध्ये थांबवू शकल्या असत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि बघत बसल्या. तिकडे वॉचमननं लिफ्ट बंद केली. सामानाच्या पिशव्या घेऊन लोक खाली खोळंबले, कुरकुरले. "आत कोण आहे एवढं?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याला सगळं आठवत होतं. त्यानं टॉर्च घेतला, शिडी लावली, आणि गुडघे सांभाळत त्या खड्ड्यात स्वतः उतरला.

मग त्याचं उत्तर आलं. एकेक अक्षर शोधत लिहिलेलं : "मी उतरून बघितलं. आत कोणी नाही. झाडून पण घेतलं."

त्या कामाशी जोडलेल्या सगळ्यांना मी ते पाठवलं, थोरल्याच्या फोनवरही. वाचल्याची खूण आली. त्यानंतर तो फोन बंद आहे. तिनं चार्ज करणं सोडलं असावं.

मी अजून तिथंच आहे, विचारतोच आहे. माझा कंटाळा येतो, ठाऊक आहे मला. खुशाल शिव्या द्या, पण स्वतःच्या हातानं द्या. आणि कधी एखाद्याचं उत्तर आलंच नाही, तर त्याच्या वतीनं मला काही सांगू नका. उठा, आणि वाकून बघा.