टोकावरचं देऊळ

पेठे मास्तरांनी मॅजिक लँटर्नमध्ये चित्राची सातवी काच सरकवली, आणि आंजर्ल्याच्या शाळेत पडदा म्हणून टांगलेल्या धोतरावर एक देऊळ उभं राहिलं. समुद्रात घुसलेला कडा, त्यावर पांढरे खांब. छप्पर नाही, गाभारा नाही.

"ह्येच!" गंगाराम उठला. "उजव्या खांबापाशी बघा. मीच त्यो."

गंगाराम आगबोटीवर खलाशी होता, त्या गोष्टीला आता तीस वर्षं लोटली होती. ग्रीसच्या बंदरात एका फोटोवाल्या साहेबानं पेटी उचलायला त्याला नेलं, आणि खांब केवढा ते कळावं म्हणून शेजारी उभं केलं. दहा आकडे होईतो हलायचं नाही; जे हलेल ते फोटोत उमटणार नाही. "दगडासारखा उभा व्हतो," असं तो सांगे, आणि १९२९ साल उजाडलं तरी गाव त्याला ग्रीसचा राजा म्हणून चिडवी. साहेबाचं कार्ड तेवढं त्यानं जपलं होतं. त्यावरच्या नावानंच मास्तरांनी मुंबईहून या काचा मिळवल्या होत्या.

खांबापाशी कुणीतरी होतं खरं. पण चेहरा पुसट, आणि कोपराखाली हातच नव्हते.

"मूर्ती असावी," मास्तर म्हणाले. "तिकडच्या पुष्कळ मूर्तींचे हात तुटलेत."

"दगडासारखा उभा व्हतास, त्यो दगडच झालास की रं!" भागोजी तांडेल ओरडला. शाळा हसली.

गंगाराम खाली बसला. मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

बायकांतून त्याची बायको गोदूबाई उठली आणि थेट पडद्यापाशी गेली. देवळाच्या सर्वांत खालच्या पायरीवर तिनं बोट टेकलं. तिथे दोन काळे ठिपके होते, शेजारी शेजारी.

"मास्तर, ह्या वहाणा हायत. मूर्ती काय वहाणा काढून पायरी चढली?"

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. भागोजी बघायला पुढे वाकला, तो वाकलेलाच राहिला.

घरी जाताना गोदूबाईनं विचारलं, "साह्यब हलू नको म्हनला व्हता ना?"

"व्हय."

"मग हात कुटं गेलं?"

गंगाराम पुढे चालत राहिला. वळणावर कड्यावरच्या गणपतीचा दिवा दिसला, तशा त्यानं सवयीनं वहाणा काढल्या.

"अवो, थांबा," ती म्हणाली. "दगडासारखं उभं ऱ्हावा बघू. येक. दोन."

तिसऱ्या आकड्याला त्याचे हात जोडले गेले होते.