गाळलेले दोन मैल

नियम माझाच होता. मागच्या खेपेला जिथे थांबलो तिथेच पुन्हा पाय ठेवायचा आणि पुढे निघायचं, मधलं एक पाऊलही गाळायचं नाही. पश्चिमेच्या समुद्रात बूट बुडवून आम्ही निघालो होतो. दोनशेच्या वर मैल टप्प्याटप्प्याने चालून तेच बूट पूर्वेच्या समुद्रात बुडवायचे होते. दर मे महिन्यात दोन-तीन दिवस, अशी मी आणि माझी धाकटी बहीण नेट्टा आठ वर्षं चाललो. मी तीस वर्षं टपाल वाटलं, एकही दार चुकवलं नाही. अशा बाईच्या हातात नियम देऊ नये.

नवव्या वर्षी शेवटचे अठरा मैल उरले आणि नेट्टाचा कॅन्सर यकृतात पोचला. सोमवारपासून नवं औषध सुरू व्हायचं होतं. त्याआधीचे शनिवार-रविवार तिच्या अंगात जरा ताकद होती. दिवसाला नऊ मैल, हळूहळू, जमलं असतं.

पण ट्रकेअर गावाच्या वरच्या माळावरचे दोन मैल राहिले होते. पाच वर्षांपूर्वी गारपिटीत एका मेंढपाळाने आम्हाला त्याच्या गाडीतून खाली आणून सोडलं होतं. पुढच्या खेपेला नेट्टाच्या हट्टाने आम्ही खालूनच निघालो आणि ते दोन मैल मला सलत राहिले.

"आधी ते," शनिवारी सकाळी मी गाडीत बसल्या बसल्या म्हटलं.

"अगं, ते कोण मोजायला बसलंय?" नेट्टा म्हणाली.

"मी."

"बसलीच का नाकाने कांदे सोलायला? स्वर्गाच्या दारातसुद्धा तू पत्ता तपासूनच आत जाशील."

गाडी तिचा नवरा रॅब चालवत होता. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "इशबेल, तिला समुद्र बघायचाय. मेंढ्या नाही."

"समुद्र नंतर. तो कुठे पळून जातोय?"

हे माझेच शब्द. कुणावर ढकलू?

दोन मैल चढून जायचं आणि तेच दोन उतरायचे. वर धुकं होतं, पाऊस आडवा मारत होता. मेंढपाळाने आम्हाला जिथे गाडीत घेतलं ते फाटक सापडलं. मी त्याला हात लावला, नेट्टालाही लावायला लावला. ती कुडकुडत होती, तरी हसली.

"झालं समाधान, पोस्टमनबाई?"

"झालं," मी म्हणाले. आणि खरंच झालं होतं, याचीच आज जास्त लाज वाटते.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी तिला ताप भरला. समोरचं सूप तसंच राहिलं. सकाळी रॅबने गाडी घराच्या दिशेने वळवली. वाटेत त्याने आरशातून एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

ऑगस्टमध्ये नेट्टा गेली. आदल्या दुपारी ती औषधाच्या गुंगीत होती. मी आणि रॅब उशाशी बसलो होतो. डोळे न उघडताच तिने विचारलं, "इशबेल, पोचलो का गं आपण? आला समुद्र?"

रॅबने माझं मनगट घट्ट धरलं. त्याला माझ्याकडून एक 'हो' हवं होतं. जन्मात एकदा.

"नाही अजून," मी म्हणाले. "अठरा मैल राहिलेत."

"अजून एवढं?" नेट्टा म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

रॅबने माझं मनगट सोडून दिलं.