कानातला पाचवा मुक्काम

धडा पुसला गेल्याचं कळलं तेव्हा मशीनवाला दुकानात एका शिलाई मशीनचं शटल उघडून बसला होता. बायकोला जाऊन तेविसावा दिवस होता. कामात राहा, मन रमेल, असं सगळे सांगत होते. मन काही रमत नव्हतं, पण हात रिकामे राहत नव्हते एवढंच.

बायको शिकवायची त्या शाळेच्या प्रयोगशाळेतली मदतनीस मुलगी आली आणि तिने काउंटरवर एक खोकं ठेवलं. खोक्यात तो डोळ्यांवर चढवायचा चष्मा होता. व्हीआर की काय म्हणतात तो. आठच दिवसांपूर्वी मशीनवाल्यानेच तो शाळेत नेऊन दिला होता.

"काका, यात बाईंचा कानाचा धडा नाहीये."

"नाही म्हणजे?"

"आधीचे सहा धडे शाळेच्या संगणकावर आहेत. कानाचा बाई घरी करत होत्या. पूर्ण झाला की संगणकावर चढवते म्हणाल्या होत्या. आता उघडून बघतेय तर सगळं कोरं. आत्ता विकत आणल्यासारखं."

मशीनवाल्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"मीच कोरा करून दिला," तो म्हणाला.

बत्तीस वर्षं त्याने एक नेम पाळला होता. दुरुस्तीला आलेलं मशीन परत देताना आतला जुना धागा काढायचा, बॉबिन मोकळी करायची, टाक्याचा काटा मधोमध आणायचा आणि तेलाचा डाग पुसून मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. आपल्याकडून गेलेल्या वस्तूत कशाचाही मागमूस राहता कामा नये. शाळेचा चष्मा परत करायची वेळ आली तेव्हा त्याने तो आधी फडक्याने पुसला, पट्टा धुतला आणि शेजारच्या मोबाइलवाल्याकडे नेला.

"काका, सगळं पुसू? आतलं सगळं जाईल हां."

"पूस. दुसऱ्याची वस्तू आहे, कोरी करून दे."

मोबाइलवाल्याने दोन बटणं दाबून धरली. चहा निवायच्या आत काम झालं. मशीनवाल्याला त्या दिवशी जरा बरंही वाटलं होतं. बायकोचं एक काम तरी नीट मार्गी लावलं म्हणून.

बायको विज्ञान शिकवायची. मुलं वर्गात माश्या मारत बसतात म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. कुठून कुठून खटपट करून तिने शाळेसाठी हे चष्मे मिळवले आणि स्वतःच धडे करायला बसली. चष्मा घातला की मूल थेट पोटात, नाहीतर पानाच्या आत, नाहीतर ज्वालामुखीच्या तोंडाशी. सोबत तिचा आवाज. पहिल्या धड्यानंतर मुलांनी मधली सुट्टी सोडून तिला घेरलं आणि ती घरी आली ती नाचतच.

"अहो, एकदा घालून बघा ना. दोन मिनिटं."

"मला गरगरतं."

"न घालताच?"

"तुझ्याकडे बघूनच गरगरतं," असं म्हणून तो हसायचा. तीही हसायची आणि चष्मा कपाटावर ठेवायची. असं सहा वेळा झालं. प्रत्येक धड्याला एकदा. सातव्याला तिने विचारलंच नाही. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं.

"शाळेत चला," मदतनीस म्हणाली. "मुलांनी बराचसा धडा पाहिलाय. बाई त्यांच्यावरच तपासून बघायच्या. त्यांना जे आठवतंय ते आम्ही परत भरतोय. तुम्हालाही काही आठवेल."

दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्या दिवसासाठी बंद करून तो गेला. प्रयोगशाळेत सातवीची मुलं स्टुलांवर बसली होती. 'बाईंचे मिस्टर' आले म्हणून सगळी एकदम उभी राहिली आणि एकाचं स्टूल धाडकन पडलं. पुढच्या ओळीत एक किडकिडीत मुलगी होती. बायको तिला शंकाबाई म्हणायची. घरी या पोरीचे किस्से इतके व्हायचे, की त्याने तिला न विचारताच ओळखलं.

"काका, तुम्ही बाईंचा एक तरी धडा बघितलाय?" शंकाबाईने आल्या आल्या विचारलं.

"नाही."

"एकही नाही? घरात असून?"

"ए, गप," मागून कोणीतरी म्हणालं.

मदतनीस मुलीने त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पोटाचा धडा लावला. अंधार झाला, मग लालसर उजेड. आणि कानाशी बायको बोलली. नेहमीसारखी, जरा घाईत. "आलात? छान. आता डावीकडे बघा."

तो ताठ बसून राहिला.

"इकडे बघा ना," ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "इकडे बघा ना."

"काका, मान वळवा," शंकाबाई म्हणाली. "मान वळवल्याशिवाय बाई पुढे जात नाहीत. तशाच बोलत राहतात."

त्याने मान वळवली नाही. ती आणखी चार वेळा म्हणाली. मग त्याने स्वतःच चष्मा काढला. मुलं जमिनीकडे बघत होती.

मग मुलांनी कानाचा धडा सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्याचे पाच मुक्काम केले होते. पहिला, कानाचा बोगदा. दुसरा, पडदा.

"पडद्यावर उभं राहिलं की शिलाई मशीनचा आवाज येतो आणि पाय थरथरतात," एक मुलगा म्हणाला. "बाई म्हणाल्या, हे आमच्या घरचं मशीन, मालक दिवसभर ऐकतात आणि मग माझं त्यांना ऐकू येत नाही."

सगळी खो खो हसली. मशीनवालाही हसला, पण मुलांच्या नंतर.

तिसरा मुक्काम तीन इवल्या हाडांचा, चौथा गोगलगाईसारख्या नळीचा. मुलं एकमेकांना तोडत, भांडत, बाईंच्या सुरात बोलत होती आणि मदतनीस एकेकाचा आवाज भरून घेत होती. चारही मुक्काम तासाभरात उभे राहिले.

"आणि पाचवा?" मशीनवाल्याने विचारलं.

"आवाज मेंदूत पोचतो तो," शंकाबाई म्हणाली. "तो आम्ही नाही बघितला. बाई म्हणाल्या होत्या, सगळ्यात भारी तोच आहे, घरी बोलून आणते. तुम्ही होतात ना तेव्हा घरी?"

होता तो. सहा-सात दिवस रोज संध्याकाळी ती कपाट आणि टेबलाच्या मध्ये उभी राहून चष्मा लावून बोलत होती. हात हलवत, मध्येच थांबून, पुन्हा पहिल्यापासून. तो हाताच्या अंतरावर खुर्चीत बसला होता. "जरा हळू बोल, बातम्या लागल्यात," एवढं स्वतःचं वाक्य त्याला लख्ख आठवत होतं. बातम्या कसल्या होत्या तेही आठवत नव्हतं.

"होतो," तो म्हणाला.

"मग काय म्हणाल्या?"

सगळी मुलं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मदतनीस मुलीने आवाज भरायचं यंत्र त्याच्यासमोर धरलं. त्याने डोळे मिटून पाहिलं. तिचे हलणारे हात दिसले, ओठही दिसले.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"पुस्तकातलं वाचून भरू या का?" मदतनीस मुलीने हळूच विचारलं.

"पुस्तकातलं आम्हाला पाठ आहे," शंकाबाई म्हणाली. "बाई काय म्हणाल्या ते हवंय."

त्याला चार महिने होऊन गेले. कानाचा धडा आता शाळेत दाखवतात. चित्रं मदतनीस मुलीने नव्याने जोडली, चार मुक्कामांपर्यंत मुलांचे आवाज आहेत. पडद्यावरच्या शिलाई मशीनचा आवाजही मशीनवाल्याने घरच्या मशीनवर नव्याने भरून दिला. पाचव्या मुक्कामावर पोचलं की अजून काहीच ऐकू येत नाही. तो भाग भरायचा राहिला आहे.