मास्तरांची उन्हातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. घडीची, सागवानी, बसायला जाड कापड लावलेली. सध्या गॅलरीत ऊन खात असते. तुम्ही म्हणाल, खुर्चीचं ते काय आयुष्य! पण ऐका तर खरं.

सुताराने मला घडवलं आणि एका शिंप्याने विकत घेतलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते माझ्यावर बसवत आणि "फक्त बटणं राहिलीत" असं सांगत. खरं तर तेव्हा बाह्या बेतायच्याही राहिलेल्या असत. पण गिऱ्हाईक माझ्यावर डुलक्या काढू लागे आणि मास्तरांची वेळ निभावून जाई. माझं कापड विरलं की मास्तर स्वतः नवं शिवत. फार लाड झाले माझे.

मग मास्तरांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्रातून रक्त शुद्ध करून घ्यायचं, याला डायलिसिस म्हणतात. दुकान बंद झालं, मी घरी आले. अशा माणसाला पाणी मोजूनमापून प्यावं लागतं. मास्तरांच्या बायकोने त्यावर स्वतःचं डोकं चालवलं. उन्हात बसलं की तहान लागते, तेव्हा ऊनच नको! गॅलरीचं दार बंद झालं, पडदे ओढले गेले आणि माझी घडी घालून मला कपाटामागे सारलं. तिचा हेतू वाईट नव्हता. नवऱ्याला घोटभर पाणी नाही म्हणताना तिचा जीव तुटायचा.

कपाटामागे मला कुबट वास येऊ लागला. पलीकडे पलंगावर मास्तर नुसते कूस बदलत. दिवसा पेंगत आणि रात्री टक्क जागे. एका सकाळी ते म्हणाले, "आज मी दवाखान्यात येणार नाही. झोप नाही, अंगात त्राण नाही. पुरे झालं गं आता."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आजच्या दिवस चला. झोपेचं मी डॉक्टरीणबाईंना विचारते." मास्तर उठले, पण तिच्यासाठी उठले. मला फार भीती वाटली, मित्रांनो.

रक्ताची तपासणी झाली. काही दिवसांनी लेक आली तेव्हा आईने तिला सगळं सांगितलं. "ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. या आजारात ते कमी होतंच, त्यात मी ऊन बंद केलं. ते कमी असलेल्या पुष्कळांना झोपही धड लागत नाही म्हणे. औषध देऊन बघू, पण हमी देत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि रोज थोडं उन्हात बसवायला सांगितलंय."

"मग मीच आणते गोळ्या. दोन-दोन घेतल्या तर लवकर गुण येईल," लेक म्हणाली.

"अजिबात नको. एकदा स्वतःचं डोकं चालवलं तेवढं बास झालं. किती घ्यायचं ते रक्त बघून त्याच ठरवणार."

दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढलं. मी उघडताना इतकी कुरकुरले की माझी मलाच लाज वाटली. मास्तर बसले, कापड चाचपून म्हणाले, "हिचं पार वाटोळं झालंय. सुई आण. दोरा मात्र तू ओव." रोज थोडं ऊन, थोडी शिवण असं सुरू झालं. तहान लागली तर ती बर्फाचा एक खडा देई आणि तोही पाण्याच्या मापात धरी. झोप मात्र लगेच आली नाही. मास्तर चिडत, ती दोरा ओवून देई.

बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी ती गॅलरीत आली, तर डोळे लाल.

"काय गं, झोपली नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही घोरत होतात."

"मग हलवायचं ना मला."

"ऐकत बसले होते," ती म्हणाली.

मास्तर माझ्या दांड्यांवर हात टेकून आपणहून उठले. "चल," ते म्हणाले, "आज दवाखान्याचा वार आहे."

मित्रांनो, काळजीपोटी कुणाला अंधारात ठेवू नका. माणसाला नाही आणि खुर्चीलाही नाही. काय सोसेल, काय नाही, ते जाणत्याला विचारा. ते दोघं आत्ताच जिना उतरले. ते परत येईपर्यंत मी त्यांची जागा गरम ठेवते.